आधी कोणतं काम? पीथमपूर, देवास आणि शिकणारं वेळापत्रक



वाङ्मय मंडळाच्या अंकात कारखान्याच्या वेळापत्रकावर लेख कशाला, असं काहींना वाटेल. त्यांना एक जुनी गोष्ट सांगतो. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं मासिक निघालं. नांगर आणि यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्र. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ते वाढत गेलं आणि मराठीतल्या महत्त्वाच्या मासिकांत जाऊन बसलं. म्हणजे कारखाना आणि मराठी वाङ्मय यांची सोयरीक शंभर वर्षांची आहे. त्याच किर्लोस्कर बंधूंच्या पंपांचा एक कारखाना देवासला आहे. माझं घरही देवासचंच. घरात मराठी, गल्लीत माळवी, कामावर हिंदी, अशी आमची तिहेरी बोली. या मंडळाचा जुना सभासद म्हणून आणि आता उत्पादन नियोजनात नोकरी करणारा माणूस म्हणून, माझ्या रोजच्या कामातला एक प्रश्न तुमच्यासमोर मांडतो. प्रश्न चार शब्दांचा आहे: आधी कोणतं काम घ्यायचं?

या प्रश्नाचं उत्तर आता ‘न्यूरल नेटवर्क’ देईल, असं सगळीकडे ऐकू येतं. ते कसं देतं, कुठवर देतं आणि कुठे त्याला आपणच काहीतरी सांगावं लागतं, एवढंच या लेखात आहे. गणित फार नाही. बेरीज येत असली की पुरे.

दोन गावं, दोन तऱ्हा

धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. देवासची गंमत तर अशी की तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांची तिथे दोन घराणी झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकच गाव, दोन राजे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये याच देवासला हवापालटासाठी आले आणि कायमचे इथलेच झाले. इतपत साहित्य-संगीताच्या वाचकांना माहीत असतं. त्याच प्रदेशाचा दुसरा चेहरा म्हणजे कारखाने.

देवासला बँक नोट प्रेस आहे. नोट छापायची तर आधी पार्श्वभूमीची ऑफसेट छपाई, मग बोटाला जाणवणारी उठावाची छपाई, मग क्रमांक, मग कापणी. प्रत्येक कागद याच क्रमानं पुढं जातो. मध्ये शाई वाळायला वेळ द्यावा लागतो. सगळी कामं एकाच वाटेनं जातात अशा रचनेला आमच्या धंद्यात ‘फ्लो शॉप’ म्हणतात.

पीथमपूर धार जिल्ह्यात येतं, पण धार शहरापेक्षा इंदूरला जवळ. १९८०च्या दशकात इथे औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं. तुमच्या आईवडिलांनी चालवलेली कायनेटिक होंडा इथलीच. आयशरचे ट्रक इथले, पूर्वीच्या बजाज टेम्पोचा, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सचा कारखाना इथे, औषधांचे मोठे कारखानेही इथे. या मोठ्यांच्या भोवती सुटे भाग बनवणारी लहान-मध्यम युनिटं. त्यांच्याकडे एक काम आधी लेथवर जातं, मग ड्रिलिंगला, मग ग्राइंडिंगला; दुसरं आधी ड्रिलिंगला जातं, मग हीट ट्रीटमेंटला, मग परत लेथवर. प्रत्येक कामाची वाट वेगळी, पण यंत्रं तीच. याला म्हणतात ‘जॉब शॉप’. नियोजन करणाऱ्याची खरी डोकेदुखी इथे असते.

त्यात आणखी एक भानगड. दिवाळीच्या फराळाला तेल तापवलं की आई आधी शंकरपाळे तळते आणि मग चकल्या. उलट केलं तर शंकरपाळ्यांना तिखटमिठाचा वास लागतो, किंवा तेल बदलावं लागतं. कारखान्यातही तसंच. पांढऱ्या रंगानंतर काळा चालतो, काळ्यानंतर पांढरा घ्यायचा तर सगळी यंत्रणा धुवावी लागते. औषध कारखान्यात एका औषधानंतर दुसरं घेण्याआधी साफसफाई करावी लागते. म्हणजे एखाद्या कामाला किती वेळ लागेल, हे त्याच्या आधी कोणतं काम होतं यावरही ठरतं.

चार कामं, दोन यंत्रं

एक छोटं उदाहरण कागदावर करून बघा. समजा दोन यंत्रं आहेत, लेथ आणि ग्राइंडर. प्रत्येक काम आधी लेथवर, मग ग्राइंडरवर जातं. कामं चार:

क – लेथवर ५ तास, ग्राइंडरवर २ तास
ख – लेथवर १ तास, ग्राइंडरवर ६ तास
ग – लेथवर ९ तास, ग्राइंडरवर ७ तास
घ – लेथवर ३ तास, ग्राइंडरवर ८ तास

ज्या क्रमानं ऑर्डरी आल्या त्याच क्रमानं, म्हणजे क, ख, ग, घ असं काम केलं तर काय होतं? पहिले पाच तास ग्राइंडर रिकामा बसतो. पुढे ‘ग’ची वाट बघत आणखी दोन तास बसतो. सगळं संपायला ३० तास लागतात.

आता एस. एम. जॉन्सन या गणितज्ञानं १९५४ मध्ये दिलेला नियम लावू. सगळ्या आकड्यांतला सगळ्यात लहान शोधा. तो लेथचा असेल तर ते काम सुरुवातीला ठेवा, ग्राइंडरचा असेल तर शेवटी. मग ते काम बाजूला काढून उरलेल्यांत हेच पुन्हा करा. इथे लहानात लहान १ आहे, ‘ख’चा, लेथवर. म्हणून ‘ख’ पहिलं. मग २, ‘क’चा, ग्राइंडरवर. म्हणून ‘क’ शेवटी. मग ३, ‘घ’चा, लेथवर. म्हणून ‘घ’ दुसरं. क्रम झाला ख, घ, ग, क. वेळ लागतो २४ तास.

यंत्र तेच, माणसं तीच, वीज तीच. फक्त क्रम बदलला आणि सहा तास वाचले. २४ पेक्षा कमी होणं शक्यच नाही, कारण ग्राइंडरचं काम एकूण २३ तासांचं आहे आणि पहिलं काम लेथवरून उतरेपर्यंत निदान एक तास तरी जाणारच.

पण थांबा. ‘क’ची ऑर्डर सगळ्यात आधी आली होती. पहिल्या क्रमात तिचा माल सातव्या तासाला तयार होता. आता तो चोविसाव्या तासाला, सगळ्यांच्या शेवटी मिळणार. ‘क’च्या मालकाला फोनवर काय सांगायचं? हे मनात ठेवा, याच्याकडे मला परत यायचं आहे.

संगणक आहे ना, मग अडचण काय?

तुम्ही म्हणाल, सगळे क्रम तपासून बघायचे आणि चांगला निवडायचा. चार कामांचे क्रम २४ होतात, पाच मिनिटांत तपासून होतील. दहा कामांचे होतात ३६,२८,८००. एक क्रम तपासायला एक सेकंद लागला तर बरोबर ४२ दिवस लागतील. वीस कामं घेतली आणि सेकंदाला दहा लाख क्रम तपासणारा संगणक लावला, तरी सुमारे ७७ हजार वर्षं. आमच्याकडे सोमवारी सकाळी फळ्यावर वीसपेक्षा जास्त कामं असतात आणि उत्तर आठ वाजता हवं असतं.

जॉन्सनचा नियम का वापरत नाही? कारण तो दोन यंत्रांपुरता. तिसरं यंत्र आलं की असा सोपा, खात्रीचा नियम हाती राहत नाही. गॅरी, जॉन्सन आणि सेठी यांनी १९७६ मध्ये दाखवलं की तीन यंत्रांचा प्रश्न अशा कठीण प्रश्नांच्या कुळातला आहे, ज्यांना झटपट सोडवणारी सर्वसाधारण पद्धत आजवर कुणालाच सापडलेली नाही. (हे जॉन्सन वेगळे बरं का!)

या क्षेत्रात एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६३ मध्ये म्यूथ आणि थॉम्पसन यांच्या पुस्तकात दहा कामं आणि दहा यंत्रांचा एक जॉब शॉप प्रश्न छापून आला. दिसायला साधा तक्ता. पण प्रत्येक यंत्रावर दहा कामांचे क्रम लावायचे तर एकूण शक्यता जवळजवळ ४ वर ६५ शून्यं इतक्या होतात. त्यातल्या बऱ्याचशा निरुपयोगी असतात, तरी उरतात त्या प्रचंड. सगळ्यात चांगलं उत्तर ९३० आहे, हे सिद्ध व्हायला १९८९ उजाडावं लागलं. कार्लिए आणि पिन्सों या फ्रेंच संशोधकांनी ते केलं. एका तक्त्यासाठी सव्वीस वर्षं!

मग कारखाने इतकी वर्षं चालले कसे? ठोकताळ्यांवर. ‘लहान काम आधी’, ‘ज्याची तारीख जवळ ते आधी’, ‘आधी येईल तो आधी’. आणि ठोकताळ्यांच्या वर अनुभवी सुपरवायझर. मी ज्या युनिटमध्ये काम शिकलो तिथे असे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना काका म्हणत. काका फळ्याकडे बघायचे, शेडमधून एक चक्कर मारायचे आणि खडूनं चार आकडे इकडचे तिकडे करायचे. का केलं विचारलं तर म्हणायचे, “दिसतं ना.” काकांना जे दिसतं ते यंत्राला दाखवता येईल का, हा न्यूरल नेटवर्कमागचा विचार.

न्यूरल नेटवर्क म्हणजे नक्की काय?

नावात मेंदू आहे म्हणून बिचकू नका. १९४३ मध्ये मॅककुलक आणि पिट्स यांनी मेंदूतल्या चेतापेशीचं एक अगदी साधं गणिती चित्र काढलं. पेशीकडे चार बाजूंनी माहिती येते. प्रत्येक माहितीला काही महत्त्व असतं. सगळ्याची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पेशी ‘हो’ म्हणते, नाहीतर गप्प बसते.

काकांच्या डोक्यात असंच काहीसं चालायचं असं समजा. या कामाची तारीख किती जवळ आहे? पुढच्या यंत्रासमोर रांग किती आहे? टूल बदलावं लागेल का? गिऱ्हाईक जुनं आहे का? प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराला एक वजन द्यायचं, गुणायचं, बेरीज करायची. ज्या कामाची बेरीज जास्त ते आधी. ही झाली एक कृत्रिम पेशी. अशा पुष्कळ पेशींची एक ओळ, तिची उत्तरं पुढच्या ओळीला, तिची त्याच्या पुढच्या ओळीला. झालं जाळं.

खरा प्रश्न, वजनं किती ठेवायची? ती माणूस ठरवत नाही. सुरुवातीला वाटेल ती ठेवायची. जाळ्याला उदाहरण द्यायचं, ते उत्तर देतं. उत्तर चुकलं तर किती चुकलं ते मोजायचं आणि शेवटाकडून सुरुवातीकडे मागं जात प्रत्येक वजन थोडं थोडं सुधारायचं. चूक मागं नेण्याची ही रीत १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखामुळे सगळीकडे पसरली. हजारो उदाहरणं, हजारो छोट्या सुधारणा. तबल्याचा हात बसतो ना, तसं जाळं ‘बसतं’.

तीन वाटा

वेळापत्रकासाठी हे जाळं वापरायच्या मुख्य तीन वाटा आहेत.

पहिली वाट उताराची. जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ मध्ये एक वेगळ्या धाटणीचं जाळं मांडलं. (२०२४चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं.) त्यात उदाहरणांवरून शिकायचं नसतं. प्रत्येक पेशी एका विधानाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणते: ‘क हे काम तिसऱ्या क्रमांकावर आहे’. दोन कामं एकाच जागी बसली की जाळ्याची ‘ऊर्जा’ वाढते, वेळ जास्त लागला तरी वाढते. मग जाळं आपोआप कमी ऊर्जेच्या दिशेनं घसरत जातं, पाणी उताराला जातं तसं. हॉपफील्ड आणि टँक यांनी १९८५ मध्ये ही युक्ती फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नावर वापरली, म्हणजे सगळ्या शहरांतून कमीत कमी अंतरात फिरून परत कसं यायचं. १९८८ मध्ये फू आणि ताकेफुजी यांनी ती जॉब शॉपला लावली.

आता अडचण बघा. माळव्याचा उतार उत्तरेकडे, म्हणून क्षिप्रा आणि काली सिंध चंबळेला जाऊन मिळतात. पण पावसाचं सगळंच पाणी चंबळेपर्यंत पोचत नाही, बरंचसं वाटेतल्या डबक्यांत साचतं. हॉपफील्डचं जाळंही असंच जवळच्या डबक्यात अडकतं. कधीकधी तर एक काम दोन जागी, असं अशक्य उत्तरही देतं. विल्सन आणि पॉली यांनी १९८८ मध्ये विक्रेत्याचा तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा बहुतेक वेळा नियमात बसणारी फेरीसुद्धा हाती आली नाही.

दुसरी वाट गुरूची. सहा कामांचे क्रम ७२० च होतात. संगणक ते सगळे तपासून सगळ्यात चांगला सांगू शकतो. अशी हजारो छोटी उदाहरणं आधी सोडवून घ्यायची आणि जाळ्याला दाखवायची: या परिस्थितीत हे काम आधी घेणं बरोबर होतं. मग त्याच्यापुढे वीस कामं ठेवायची. जाळ्यानं आकडे पाठ केलेले नसतील, मर्म उचललं असेल, तर ते मोठ्या प्रश्नातही बरी निवड करतं. उत्तर सगळ्यात चांगलंच असेल याची हमी नाही, पण ते डोळ्याची पापणी लवायच्या आत मिळतं.

तिसरी वाट अनुभवाची. इथे गुरू नाही. जाळं स्वतःच एका बनावट कारखान्यात, म्हणजे संगणकातल्या कारखान्यात वेळापत्रकं लावत बसतं. शेवटी काम लवकर संपलं तर शाबासकी, उशिरा संपलं तर दंड. सायकल शिकताना कुणी सूत्र सांगत नाही, पडूनच कळतं, तसं. झांग आणि डीटेरिख यांनी १९९५ मध्ये नासाच्या अंतराळयानात चढवायच्या सामानाच्या तयारीचं वेळापत्रक अशा रीतीनं लावून दाखवलं. आज या विषयावर जे संशोधन चाललं आहे, त्यातलं पुष्कळसं याच वाटेवरचं आहे.

आणखी एक चौथी पाऊलवाट आहे, तिचा गाजावाजा कमी आणि उपयोग जास्त. जाळ्याला क्रम विचारायचाच नाही. फक्त विचारायचं, ‘हे काम या यंत्रावर, या कारागिराकडे, खरोखर किती वेळ घेईल?’ कागदावर चार तास लिहिलेलं काम प्रत्यक्षात साडेपाच तास घेतं, हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत असतं, फक्त कागदाला माहीत नसतं. खरा वेळ कळला की क्रम लावायला जुन्या, खात्रीच्या पद्धती आहेतच. आणि त्याही आता फार सुधारल्या आहेत; सव्वीस वर्षं छळणारा तो दहा बाय दहाचा तक्ता आजचा चांगला सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चटकन सोडवतो. म्हणून न्यूरल नेटवर्क आलं की बाकी सगळं मोडीत, असं मुळीच नाही.

भगोरिया कुठल्या रकान्यात लिहायचा?

आता काकांकडे येऊ. होळीच्या आधीच्या आठवड्यात काका फळ्यावर मुद्दाम कमी कामं लावायचे. जड कामं त्याच्या आधी उरकून घ्यायचे. कारण भगोरिया. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या भागातल्या भिल-भिलाला समाजाचे ते हाट. पीथमपूरच्या शेडमध्ये काम करणारी धार जिल्ह्यातली कितीतरी पोरं त्या आठवड्यात गावी जातात, आणि जायलाच हवं.

हे जाळ्याला कसं कळणार? त्याला आपण तीन वर्षांची हजेरी दिली समजा. रकान्यात इंग्रजी तारखा. एका वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी हजेरी घसरलेली, दुसऱ्या वर्षी मार्चच्या मध्यावर. होळी तिथीनं येते, दरवर्षी सरकते. जाळ्याला यात काहीच संगती सापडत नाही. ते मनाशी म्हणतं, ही माणसं अधूनमधून दांडी मारतात. आणि ‘या कारागिरांवर अवलंबून राहू नये’ असं एक वजन कुठेतरी आत, गुपचूप बसून जातं. पुढे वर्षभर त्यांना चांगली कामं कमी मिळू लागतात. कुणी ठरवून केलेलं नाही, पण झालेलं आहे.

उपाय काय? एक नवीन रकाना: ‘होळीला किती दिवस उरले’. बस. एवढं दिलं की तेच जाळं बरोबर शिकतं, की आठवडाभर कामं हलकी ठेवा, बाकी वर्ष ही माणसं इतरांइतकीच नियमित आहेत. पण हा रकाना कुणाला सुचणार? ज्याला भगोरिया माहीत आहे त्याला. फक्त सॉफ्टवेअर येणाऱ्याला सुचणार नाही. काकांना ‘दिसतं’ त्यातलं निम्मं हे असं गावाचं, माणसांचं ज्ञान असतं, आणि ते कुठल्याही यंत्राच्या नोंदीत आपसूक येत नाही. कुणीतरी विचारून, ऐकून, लिहून घ्यावं लागतं. भाषेच्या विद्यार्थ्यांना हे काम अनोळखी नसावं.

चांगलं म्हणजे कुणासाठी चांगलं?

आता ‘क’च्या मालकाकडे जाऊ. आपला २४ तासांचा क्रम होता ख, घ, ग, क. मालाची वाट बघणाऱ्या चौघांचा सरासरी वेळ काढा: ७, १५, २२ आणि २४, म्हणजे सरासरी १७ तास. आता हा क्रम बघा: ख, क, घ, ग. कामं तयार होतात ७, ९, १७ आणि २५ व्या तासाला. सगळं संपायला एक तास जास्त, २५. पण सरासरी साडेचौदा तासांवर आली, आणि ‘क’च्या मालकाला चोवीसऐवजी नवव्या तासाला माल मिळाला.

यातला कुठला क्रम चांगला? यंत्र रिकामं बसू नये असं वाटणाऱ्याला पहिला, गिऱ्हाइकांना वाट बघायला लावू नये असं वाटणाऱ्याला दुसरा. दोघांचंही गणित बरोबर आहे. जाळं यातलं काहीच ठरवत नाही. शाबासकी कशाबद्दल द्यायची हे आपण सांगतो आणि ते इमानेइतबारे त्याच्या मागं धावतं.

आणि या हिशेबात आणखी एक वाट बघणारा आहे, जो आपल्या तक्त्यात अजून आलाच नाही: कामगार. शिकलेलं जाळं क्षणात उत्तर देतं, म्हणून दर तासाला नवीन वेळापत्रक लावायचा मोह होतो. एक ऑर्डर आली, लाव नवीन. एक यंत्र बंद पडलं, लाव नवीन. प्रत्येक वेळी थोडा वेळ वाचतो. एका युनिटमध्ये मी हे जवळून पाहिलं. रात्री साडेदहाला फोनवर निरोप यायचा: उद्या दुसऱ्या पाळीऐवजी पहिली. धारच्या बाजूच्या गावातून येणाऱ्या ठेक्यावरच्या माणसाला सकाळी सहाला पोचायला गाडीच नसायची. तो आला नाही की हजेरी बुडाली. वेळापत्रकाच्या पडद्यावर मात्र त्या दिवशी चाळीस मिनिटं वाचलेली दिसायची.

यात तंत्रज्ञानाची चूक नव्हती. पाळी बदलण्याची किंमत कुणी लिहिलेलीच नव्हती, आणि न लिहिलेली किंमत जाळ्याच्या दृष्टीनं शून्य. १९४८च्या कारखाने कायद्यानं पाळ्यांच्या वेळा आधी ठरवून सगळ्यांना दिसेल अशी सूचना लावायला सांगितलं होतं. ज्यांनी तो कायदा लिहिला त्यांना ही किंमत माहीत होती.

ती जाळ्यालाही सांगता येते, आणि फार सोप्या रीतीनं. एक, पुढच्या दोन-तीन दिवसांचं वेळापत्रक ‘गोठवायचं’. त्यात फक्त खरीखुरी आणीबाणी आली तरच हात घालायचा. दोन, शाबासकीच्या सूत्रात एक ओळ वाढवायची: जाहीर झालेली प्रत्येक पाळी बदलली तर इतका दंड. मग जाळं स्वतःच असं वेळापत्रक शोधू लागतं जे थोडं हळू असेल, पण सारखं हलणार नाही. त्या एका ओळीतला आकडा किती ठेवायचा, यावर मात्र कुठलंही जाळं उत्तर देत नाही. तो मालक, नियोजन करणारा आणि कामगार यांनी एकत्र बसून ठरवायचा असतो.

तुमच्यातले काही जण उद्या सॉफ्टवेअरमध्ये जाल, काही बँकेत, काही शिक्षक, पत्रकार व्हाल. परीक्षेचं वेळापत्रक, रुग्णालयातल्या ड्युट्या, बसच्या फेऱ्या, घरपोच सामान आणून देणाऱ्या मुलांच्या खेपा, सगळीकडे हाच प्रश्न आहे आणि सगळीकडे शिकणारी जाळी येत आहेत. कुणी सांगितलं की ‘यंत्रानं सगळ्यात चांगलं वेळापत्रक काढलंय’, तर त्याला दोन गोष्टी विचारा. यंत्राला कोणते रकाने दिले होते? आणि शाबासकी कशाबद्दल होती? उत्तर साध्या मराठीत देता आलं नाही, तर बहुधा तो विचार कुणी केलेलाच नसतो.

काका मागच्या वर्षी निवृत्त झाले. जाण्याआधी आम्ही त्यांच्याजवळ बसून त्यांचे ठोकताळे एका वहीत उतरवून घेतले. सदतीस निघाले. त्यातले एकोणीस आता आमच्या तक्त्यात रकाने म्हणून आहेत. उरलेल्या अठरांसाठी वही टेबलावरच असते.